एका वेळी एकच सूर

हुमनाबादला आमचं घर दुकानाच्या डोक्यावर आहे. खाली हार्डवेअर, म्हणजे पाइप, रंगाचे डबे, बिजागऱ्या, कुलपं. वर आम्ही पाच माणसं: सासू, सासरे, हे, मी आणि आमची लेक. वरून खाली यायला एकच जिना आहे आणि तो दुकानातच, सासऱ्यांच्या खुर्चीशेजारी उतरतो. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो, सासूबाईंना अव्वा. अप्पांच्या समोरून गेल्याशिवाय या घरातून कुणालाच बाहेर पडता येत नाही.

अप्पा वाईट माणूस नाहीत. माझ्यावर आवाज चढवलेला मला एकदाही आठवत नाही. ते फक्त विचारतात, "कुठं निघालीस गं?" त्यात संशय नसतो. गिऱ्हाइकाला "काय देऊ?" विचारावं तसं ते विचारतात. पण लग्न होऊन आल्यापासून या प्रश्नाचं उत्तर तयार असल्याशिवाय मी जिन्याची पहिली पायरी उतरलेली नाही. उत्तर नसलं की उतरतच नाही.

माझं माहेर उदगीरचं. तिथं मी पेटी शिकले होते, परीक्षाही दिल्या होत्या. इकडं आल्यावर ते सुटलं. कुणी सोड म्हणालं नाही, आणि वाजव असंही कुणी म्हणालं नाही. मग लेक झाली. ती मांडीवरच झोपायची. खाली ठेवलं की जागी. दुपारभर मी भिंतीला टेकून बसलेली, हलायची सोय नाही, एक हात मोकळा. त्या हातात फोन. त्या फोनवर मला कधीतरी आवाज तयार करायचं एक अ‍ॅप सापडलं.

पेटीत सूर आयता असतो. आपण पट्टी दाबायची, तो यायचा. इथं सूर आपण घडवायचा होता. तोच 'सा' बारीक करता यायचा, जाड करता यायचा, घोगरा करता यायचा, मधमाश्यांसारखा गुणगुणता करता यायचा. एकदा तर बोअरचं पाणी संपल्यावर मोटार हवा ओढते ना, अगदी तसा आवाज निघाला आणि मला इतका आनंद झाला की मांडीवरची लेक दचकून उठली. फक्त एक खोट होती. काचेवरचं बटण फिरवताना बोटाला काहीच लागत नाही. चित्रातली भाकरी खावी तसं ते. जुन्या रेडिओचा कान पिळताना हाताला जो जोर लागायचा, तो मला हवा होता.

तसं खरंखुरं यंत्र असतं हे मी व्हिडिओत बघितलं होतं. बारकं, काळं, वर फिरवायच्या खुंट्याच खुंट्या. लेक शाळेत जायला लागली तशी मी वर घरातच शिकवणी सुरू केली. पोरं अप्पांसमोरून वर यायची आणि अप्पांसमोरून खाली जायची. त्या पैशांतून यंत्र घ्यायचं ठरवलं आणि एके संध्याकाळी यांना सांगितलं.

"हार्डवेअर सिंथेसायझर म्हणतात त्याला," मी म्हणाले.

हे हसायलाच लागले. "हार्डवेअर तर आपल्याच दुकानात हाय की. किती इंची पायजे?"

मीही हसले. मग फोनवर चित्र दाखवलं. त्यांनी नीट बघितलं, मोठं करून बघितलं. "हैदराबादेत मिळतंय का बघतो," म्हणाले. दुकानाच्या मालासाठी त्यांची तिकडं नेहमीच फेरी असते. हे चांगले आहेत. त्यामुळंच मला काही बोलायला जागा उरत नाही.

पुढच्या फेरीत ते खरंच घेऊन आले. पिकअपमधून पाइपांच्या आधी एक लांबलचक खोकं उतरलं आणि थेट दुकानाच्या काउंटरवर आलं. अप्पांनी स्वतः कटरनं पट्ट्या कापल्या. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी. थर्माकोलमधून निघाला तो कीबोर्ड. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात असतो तसला, लांब, चांदीच्या रंगाचा.

"दुकानदार म्हणला, घरच्या बाईला हेच बरं पडतंय," हे उत्साहानं सांगत होते. "ह्याच्यात रिदम हाय, ढोलकी हाय, बासरी हाय. त्या बारक्यात काहीच न्हाई म्हणला."

"वाजव की," अप्पा म्हणाले.

मी वाजवलं. एक बटण दाबलं तर आपोआप ढोलकी सुरू झाली. रंग घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकायला लागली. अव्वा जिन्यावरून वाकून बघत होत्या. सगळे इतके खूश होते की मी म्हणाले, "छान आहे."

आठवडाभर मी तो वाजवला. त्यातला प्रत्येक आवाज कुणीतरी आधीच करून ठेवलेला होता. फिरवायला काही नव्हतं, फक्त निवडायचं. कुणीतरी माझ्या नावानं मंडप घालून ठेवलाय, पाहुणे जेवून चाललेत आणि मला फक्त हसून उभं राहायचंय, तसं वाटायचं. शेवटी एका सकाळी यांना चहा देता देता मी सांगून टाकलं, "मला हे नको होतं."

त्यांचा चेहरा उतरला. "मग आणलं तवाच सांगायचं न्हाई का? आता दुकानदाराला काय सांगू मी?"

"तुम्ही नका सांगू. मी येते."

ते माझ्याकडं बघतच राहिले. हैदराबादला मी सासरच्यांबरोबर लग्नाचा बस्ता बांधायला गेले होते, दवाखान्याला गेले होते. स्वतःच्या कामाला कधीच गेले नव्हते. "अप्पांना काय सांगायचं?" एवढंच ते म्हणाले.

अप्पांना मीच सांगितलं. उत्तर चार दिवस घोकून ठेवलं होतं.

"पेटी बदलायला तू कामून जायलीस? हा जायलाय की," अप्पा म्हणाले.

"सूर बघून घ्यावा लागतो, अप्पा. ह्यांना तो कळत नाही."

अप्पा तरुणपणी मठात शरणांची वचनं, म्हणजे भक्तिपदं, म्हणायचे; तिथं त्यांना मान होता. त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. "व्हय," ते म्हणाले. "सूर बघायलाच पायजे." आणि मग, माझ्याकडं न बघता, "सांजच्याला परत या."

पिकअपच्या केबिनमध्ये मी यांच्या शेजारी बसले, कीबोर्डचं खोकं मागं ताडपत्रीखाली. झहीराबाद गेलं तरी कुणी काही विचारत नव्हतं, तरी मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते.

दुकान एका बोळात पहिल्या मजल्यावर होतं. दुकानदार पिकल्या दाढीचा, तोंडात पान. तो सगळं यांच्याशीच बोलत होता.

"अण्णा, भाभी कू क्या होना? बोले तो मैं अच्छा पीस दिया था."

"उनकू ये नै होना बोल रहे," हे म्हणाले आणि फोनमधलं चित्र दाखवलं.

"इसमें रिदम नै है. गाना नै बजता. एक टाइम पे एकीच सुर बजता अण्णा, समझा देव उनकू. बाद में वापस नै होता."

मी दोघांच्या मधे उभी होते. माझ्या डोक्यावरून बोलणं चाललं होतं. "मेरेकू येच होना," मी म्हणाले. "जरा लगाके दिखाव."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मग काचेच्या कपाटातून ते काढलं, वायर जोडली, स्पीकर लावला. मी एक पट्टी दाबली. साधा, कोरडा आवाज आला. मग मी पहिली खुंटी धरली. तिला वजन होतं. हळूहळू फिरवली तसा आवाज मिटत मिटत पार तळाला गेला, जणू कुणी त्याच्यावर घोंगडं टाकलं. उलट फिरवली तसा उघडत उघडत इतका वर आला की कपाटाची काच थरथरायला लागली. मी पुन्हा मिटवला, पुन्हा उघडला. मला वाटतं मी बराच वेळ तेवढंच करत होते. वर बघितलं तर दुकानदार पान चघळायचा थांबला होता आणि हे थोडे घाबरल्यासारखे दिसत होते.

"हा आवाज काढणार तू घरी?" त्यांनी हळूच मराठीत विचारलं.

"तुम्हाला नाही आवडला?"

त्यांनी थोडा विचार केला. "आवडला न आवडला कळंना मला," ते म्हणाले. "पण तुला असं कधी बघितलं न्हाई." मग दुकानदाराकडं वळून, "बांध दो," म्हणाले.

परत येताना मी खोकं मांडीवर घेऊन बसले. पिकअप दुकानासमोर थांबली तेव्हा उजेड होता. अप्पा खुर्चीतून उठून पुढं आले.

"एवढीच? मोठी देऊन बारकी आणलीस?"

पुन्हा कटर, पुन्हा काउंटर. अव्वा यावेळी खाली उतरून आल्या. मी वायर जोडली. यांनी दुकानातला, जाहिरातीच्या वेळी लावतात तो स्पीकर आणून दिला. अव्वा म्हणाल्या, "ती ढोलकी लाव." ढोलकी नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच दोन बोटांनी दोन पट्ट्या दाबल्या. एकच वाजली.

"दुसरी कामून वाजंना?"

"ह्यात एका वेळी एकच सूर वाजतो, अव्वा."

ब्रश घ्यायला आलेला एक पेंटर उभा होता, तो मनापासून हळहळला. "फसवलं की वैनी तुम्हाला."

अप्पांनी यांना विचारलं, "परत घेतोय का त्यो?"

"न्हाई म्हणलाय," हे म्हणाले. त्यांनी ते इतक्या ठामपणे सांगितलं की मला त्यांचा हात धरावासा वाटला. पण तिथं सगळे होते.

यंत्र वर आलं, आणि कुठं ठेवायचं हा प्रश्न आला. आमच्या खोलीत पलंग आणि कपाट सोडून जागा नाही. ते हॉलमध्ये आलं, टीव्हीच्या खालच्या फळीवर. अव्वांनी त्याला भरतकामाचं झाकण शिवलं. आल्यागेल्याला त्या सांगायच्या, "सुनेची पेटी हाय. एकच सूर वाजतोय, पण खणखणीत."

दर सोमवारी अव्वांच्या मैत्रिणी आमच्याकडं वचनं म्हणायला जमतात. त्यांच्यातल्या पेटीवालीच्या पेटीचा भाता फाटला होता. अव्वांनी मला हाक मारली. "तुझं घेऊन ये गं. सूर तर धरशील?"

मी 'सा' दाबला आणि खुंट्या फिरवून तो तंबोऱ्यासारखा गोल केला. बायका गायला लागल्या. त्यांना ते फारच आवडलं. पेटीवाली म्हणाली, भाता मारायचा तरास न्हाई, मधी तुटत न्हाई. पुढच्या सोमवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. पेटी दुरुस्त होऊन आली तरी माझा सूर राहिलाच. ज्या यंत्रातून मला आजवर कुणी न ऐकलेले आवाज काढायचे होते, त्यातून मी दर सोमवारी दोन तास एकच सूर धरून बसायला लागले. मधे एकदा मी सूर चिमूटभर उघडला, जरा झळाळता केला. लगेच अव्वांनी डोळे उघडले. "जसा होता तसा ठेव."

त्या यंत्रात सूर धरून ठेवायचं बटण आहे. ते दाबलं की बोट उचललं तरी सूर चालू राहतो. पहिल्याच दिवशी मी ते दाबून हात मोकळा केला, तर अव्वा गाता गाताच खुणेनं म्हणाल्या, चहा टाक. दुसऱ्या सोमवारपासून मी ते बटण विसरले. बोट पट्टीवर ठेवून बसते. बोट अवघडतं, मनगट दुखतं, पण तेवढा वेळ मला स्वयंपाकघरात कुणी पाठवू शकत नाही.

एका कडक उन्हाच्या सोमवारी लाइट गेली. मी यंत्र आणि स्पीकर दोन्ही बॅटरीवर लावले, पण वरचा पंखा बंद. पत्रा तापलेला, खोली भट्टी झालेली. अशा यंत्राचा सूर उन्हानं सरकतो हे मी वाचलं होतं, पण इतका हळू सरकेल असं वाटलं नव्हतं. 'सा' केसभर खाली आला, मग आणखी केसभर. आणि डोळे मिटून गाणाऱ्या सगळ्या बायका त्याच्यामागं खाली खाली यायला लागल्या. कुणालाच पत्ता नाही. आवाज खर्जात जाऊन घोगरे झाले, पेटीवाली पट्ट्यांवर बोटं फिरवून गोंधळली, तिनं पेटी बंदच केली. मी बघत राहिले. या घरात मी म्हणेन तिकडं कुणी चाललंय असं तोवर कधी झालं नव्हतं. मग मी खुंटी धरली आणि तितक्याच हळू त्यांना परत वर आणलं. संपल्यावर पेटीवाली म्हणाली, "आज काय गळा लागला बाई!"

माझं स्वतःचं वाजवणं दुपारी चालायचं, जेवणं झाल्यावर, हेडफोन लावून. त्या आवाजात फक्त मी असायचे. अव्वा समोर सोफ्यावर आडव्या व्हायच्या, टीव्ही चालू असायचा आणि मी फळीसमोर मांडी घालून खुंट्या फिरवत बसायचे. बाहेरून बघणाऱ्याला त्यातलं काहीच ऐकू यायचं नाही. शिकवणीची पोरं लवकर आली तर दारात थांबून बघायची. "टीचर, आवाज कामून येईना?" मी एका कानावरचा हेडफोन काढायचे आणि म्हणायचे, "येतोय की."

मग ती दुपार आली. मी त्या दिवशी दोन सूर असे लावले होते की एकमेकांवर घासून त्यांच्यात एक लाट तयार होत होती. एका वेळी एक पट्टी, पण तिच्या पोटात आवाज दोन असतात, ते थोडे वेगळे लावता येतात. ती लाट कमी-जास्त करत मी बसले होते. कुणीतरी समोर उभं राहिलं. बघते तर अप्पा. गुडघ्यामुळं अप्पा दुपारचा जिना कधी चढत नाहीत. जेवण झालं की खालीच खुर्चीत डुलकी घेतात. ते काहीतरी बोलत होते. मी हेडफोन काढला.

अव्वा मोरीत अडकल्या होत्या. आतली कडी फिरेना. त्या दार बडवत होत्या, मला हाका मारत होत्या. त्यांची हाक खाली दुकानात ऐकू गेली होती, रस्त्यावर गेली होती. सगळ्यांना ऐकू गेली होती.

हे स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावत आले आणि दार बिजागरीतून काढलं. अव्वा घामानं भिजलेल्या, चेहरा पांढरा पडलेला. मी त्यांना धरून सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, वारा घातला. कुणीही मला काही बोललं नाही. यांनी संध्याकाळच्या आत दुकानातली नवी कडी आणून बसवली.

सगळं शांत झाल्यावर अव्वा म्हणाल्या, "वाजव, मी न्हाई म्हणत न्हाई. पण एक कान मोकळा ठेवत जा गं."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायका विचारपूस करायला आल्या. अव्वा प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायच्या. "आत अडकलं की कसं व्हतंय सांगू? दार हाय, दाराच्या पलीकडं आपलीच माणसं हायेत, बोललेलं समदं ऐकू यायलंय. पण कुणी उघडंना. जीव नुसता घाबरा व्हतोय बघा." बायका चुकचुकायच्या. मी सगळ्यांना चहा देत होते. कपबशा घेऊन मी दोन-तीनदा तिथं उभी राहिले, आणि दरवेळी अव्वा तेवढंच आणि तसंच सांगत होत्या.

तेव्हापासून माझा डावा कान घराचा आहे. उजव्या कानात यंत्र, डाव्या कानात कुकर, टीव्ही, खालून येणारे पाइप टाकल्याचे आवाज, अप्पांचं "काय देऊ?" मी जे काही करून फोनवर साठवते, ते सगळं एका कानानं केलेलं आहे. मागं एकदा दोन्ही कानांनी ऐकून बघितलं, तर मला त्यात काहीतरी कमी वाटलं. काय कमी वाटतंय ते कळायला वेळ लागला. कुकर नव्हता.

सोमवारच्या सुराची कीर्ती पसरली. श्रावणात अव्वांच्या बहिणीनं निरोप धाडला, आमच्याकडं वचनं ठेवलीत, सुनेला सुरासकट घेऊन ये. बहीण बीदरला नौबादमध्ये राहते. "कुठं निघालीस?" हा प्रश्न त्या दिवशी आला नाही. अप्पांनी स्वतः यंत्र पिकअपमध्ये ठेवलं, धक्का बसू नये म्हणून खाली पोतं अंथरलं.

नौबादला आम्ही वेळेआधी पोचलो. अव्वा आणि बहीण गल्लीतल्या बायकांना बोलवायला गेल्या. हे खाली गाडीपाशी फोनवर बोलत थांबले. मला बाहेरच्या खोलीत बसवलं. सतरंजी अंथरलेली, कुणी नाही. मी यंत्र स्पीकरला जोडलं. सूर लावून बघितला. मग थोडा वेळ नुसतीच बसले. मग खुंटी धरली.

हैदराबादच्या दुकानानंतर मी तो आवाज उघड्यावर कधी ऐकलाच नव्हता. तळातला सूर घेतला आणि उघडत नेला. सतरंजीखालच्या फरशीची थरथर माझ्या पायांना लागायला लागली. दोन सूर घासून ती लाट केली, मोठी केली, लांब केली, तिच्यावर एक बारीक, जळती रेघ चढवली. दोन्ही कान. किती वेळ ते ठाऊक नाही.

थांबले तेव्हा आतल्या दारात त्या घरची सून उभी होती. माझ्याहून लहान. हात कणकेनं भरलेले. तिची माझी ओळख लग्नात नमस्कार करण्याइतकीच.

मला वाटलं ती म्हणेल, डोकं दुखायलंय. मी म्हणाले, "जरा बघत होते लागतंय का."

"गाणं हाय का ते?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "मीच केलंय."

तिनं मागं वळून बघितलं, मग बाहेरच्या दाराकडं. कणकेचे हात तसेच अंगापासून लांब धरून ती सतरंजीच्या कडेला येऊन उकिडवी बसली.

"आणखी एकदा करा की," ती म्हणाली.

मी पुन्हा तळातून सुरुवात केली. या वेळी घाई करावी लागली, कारण जिन्यावर बायकांच्या बांगड्या आणि चपला ऐकू यायला लागल्या होत्या. तिनंही त्या ऐकल्या. तरी ती उठली नाही, पहिली बाई दारात येईपर्यंत बसून राहिली. मग झटक्यानं उठून आत गेली.

बायका भिंतीला धरून बसल्या. अव्वा माझ्या शेजारी बसल्या, पदर सारखा केला. "हं," त्या म्हणाल्या. "सूर दे."

मी दिला. आतून पोळी भाजल्याचा वास येत होता.